जुन्या शेराचे पाच स्टार

"सूनबाई, जा, काटा बघून ये."

अण्णा असं म्हणाले की हातातलं काम ठेवून मला व्हरांड्यात जावं लागे. काटा म्हणजे विजेचा मीटर. माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं अकोला जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून दुकानदारांचे तराजू तपासत फिरले. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, तरी मोजायचं कुठलंही साधन त्यांच्या लेखी काटाच होतं. आणि व्हरांड्यातला मीटर हा सगळ्यांत संशयास्पद काटा.

मी आकडा सांगायची. ते "हं" म्हणायचे. मी स्वयंपाकघराकडे वळले की हळूच उठून एसी बंद करायचे.

एका मे महिन्यात असंच एकदा बंद करून पडून राहिले. मी चहा घेऊन गेले तर अंग तव्यासारखं, जीभ जड झालेली, मला ते माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होते. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, दिगंबरांना, समोर बसवून सांगितलं, "ऐंशीला आलेलं शरीर आहे. कूलरच्या दमट हवेने यांचा दमा उसळतो, म्हणून तो नको. दुपारी बारा ते पाच ती खोली थंड पाहिजे म्हणजे पाहिजे. पुन्हा ऊन लागलं तर मला विचारायला येऊ नका."

अण्णांची खोली पश्चिमेची, वर नुसता स्लॅब. ते वाचायचे असतील तर एसी चालू राहायला हवा होता, आणि तो चालू राहायचा असेल तर मीटर अण्णांच्या डोळ्यांत खुपता कामा नये. एवढं साधं गणित होतं. ते घरात मला एकटीलाच दिसत होतं.

दुसऱ्या वर्षी रामनवमीच्या सुमाराला जुना एसी बंद पडला. इस्माईलभाई त्याचं झाकण उघडून बराच वेळ बघत बसले. गेली बारा वर्षं तेच तो साफ करायला येत.

"वहिनी, याला आता माती द्या," ते म्हणाले. "आणि नवा घेताना दुकानात चांदण्या मोजत बसू नका जी."

"चांदण्या म्हणजे ते स्टार? ते तर बघायचे ना?"

"बघायचे. पण आधी यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवरची मुदत बघायची." त्यांनी बोटानं हवेत एक चौकोन काढला. "हे स्टार म्हणजे वर्गातला नंबर समजा. पोरं हुशार होत गेली की पेपर अवघड काढतात. मग गेल्या साली पाच मिळवलेला यंदाच्या पेपराला तीनवर येतो. यंत्र तेच, स्टार बदलले. म्हणून कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे हे मार्क, ते खाली बारीक अक्षरात छापतात. ते कोणी वाचत नाही."

"आणि?"

"आणि एक दशांशाचा आकडा असतो. जेवढी वीज खाल्ली त्याच्या किती पट थंडावा दिला, तो. जितका मोठा तितका चांगला. तुमचा हा म्हातारा तीनच्या आत होता. आता साडेचारच्या वरचा मिळतो. स्टार विसरलात तरी चालेल, हा आकडा विसरू नका."

मी पोथीच्या आतल्या कोऱ्या पानावर हे सगळं लिहून घेतलं. तिथं लिहिलेलं माझ्याकडून हरवत नाही.

शनिवारी आम्ही विनूभाऊंच्या दुकानात गेलो. विनूभाऊ हे दिगंबरांचे शाळासोबती. दुकानात शिरताच चहा आला आणि दोघांच्या गप्पांत शाळेतले मास्तर आले. मी एकेका एसीपुढे उभी राहून पट्ट्या वाचत फिरले.

"वहिनी तर परीक्षाच घेताहेत," विनूभाऊ हसले. "अहो, डोळे मिटून न्या. घरचंच दुकान आहे."

"हा," मी एकावर हात ठेवला. दीड टनाचा, चार पूर्णांक सात, चालू मुदतीचा. "हाच द्या."

"फाईव्ह स्टार. पाठवतो सोमवारी."

सोमवार ऐकून मी एसीवरचा हात काढला. "मंगळवारी नाही का जमणार?"

दिगंबर म्हणाले, "अगं, अण्णा उकडताहेत तिकडे. सोमवार तर सोमवार." मग विनूभाऊंकडे वळून, "हिचं सोमवारी मौन असतं. दिवा लागेपर्यंत शब्द नाही. माझा आठवड्याचा सुटीचा वार."

दोघंही हसले. मीही हसले. अकरा वर्षं त्या चेष्टेला मी हसतच आले होते. माझं रोजचं नेम-व्रत तसं साधं: पहाटे स्नान, पूजा, पोथीचा एक अध्याय, तोवर तोंडात पाणी नाही. आणि सोमवारी मौन. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं, आणि मोडलं नव्हतं याचं मला मनातून कौतुकही होतं. ते व्रतात बसत नाही, हे कळायला पुढचा आठवडा यावा लागला.

सोमवारी साडेअकराला टेम्पो आला. दोन माणसं खोकं घेऊन घामानं निथळत आत शिरली. पन्ह्याचे पेले त्यांच्या हातात देऊन मी खोक्यातून निघालेल्या यंत्राची पट्टी बघितली. पाच स्टार होते, लालबुंद. खाली आकडा साडेतीन. त्याखाली मुदत, ती संपून तीन वर्षं होऊन गेली होती.

मी दिगंबरांचा शर्ट ओढला. त्यांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती वाया जातेय असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"काय?"

मी पट्टीकडे बोट दाखवलं आणि मान जोरात हलवली.

"पाच आहेत ना? एक, दोन, तीन, चार, पाच." त्यांनी मला शिशुवर्गातल्यासारखे मोजून दाखवले.

सोमवारी मी जवळ एक पाटी ठेवत असे. तिच्यावर घाईघाईनं लिहिलं: 'हा तो नाही. मुदत बघा.'

त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मुदत? अरे, मुदत किती आहे रे याची?"

ड्रिल लावता लावता त्यातला एकजण म्हणाला, "साहेब, मशीनची एक वर्ष, कॉम्प्रेसरची पाच वर्षं गॅरंटी. कार्ड आत आहे."

"घे. पाच वर्षं," दिगंबर मला म्हणाले. "झालं समाधान?"

मी पाटी पुसून लिहिलं: 'स्टार जुने आहेत.'

"अगं, खोकं तुझ्यासमोर फोडलं! नवंकोरं आहे." ते त्या दोघांना म्हणाले, "आज हिला बोलता येत नाही ना, म्हणून लिहून भांडतेय." ती दोघं खाली मान घालून हसली. पाटीवर तिसरं काही लिहायला गेले तर पेन्सिलीचा तुकडाच पडला, आणि तेवढ्यात भिंतीत ड्रिल घुसलं.

तोंड उघडायचं होतं. 'थांबा' एवढा एक शब्द पुरला असता. तो माझ्या जिभेच्या टोकाशी आला, मी देवघराकडे पाहिलं आणि गिळला. भिंतीला चार भोकं पडली, पाइप जोडला गेला, गॅस सोडला गेला. अण्णा पलंगावर बसून बघत होते. "थंड तर करतंय," ते म्हणाले.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि तिथूनच वळून बोलले, "हा आपण निवडलेला एसी नाही."

दिगंबर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं: आकडा, मुदत, इस्माईलभाईंचा वर्गातला नंबर. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मग हे दुपारी सांगायचं होतंस!"

"सांगतच होते. पाटीवर..."

"पाटीवर! घरात माणसं भोकं पाडताहेत आणि तू पाटीवर कोडी घालतेस. आता फिटिंग झालेलं कोण परत घेतो?"

"विनूभाऊंना फोन करा ना."

"मी नाही करणार. गोदामातून चुकून आला असेल. एवढ्यासाठी त्याला चोर ठरवू?"

मंगळवारी मीच फोन केला. माझा आवाज मुळात हळू. पलीकडे दुकानातला पंखा, गिऱ्हाइकं. मी तीनदा तेच सांगितलं.

"वहिनी, पाचचे पाच स्टार आहेत ना?"

"हो, पण ते जुने..."

"वहिनी, असं करू. कंपनीचा माणूस येतो माझ्याकडे, त्याच्यासमोर बोलू. त्यानं हो म्हटलं तर बदलून देतो, माझं काय जातंय? सोमवारी साडेबाराला या."

"सोमवारी?"

"तो सोमवारीच येतो हो. का, काय आहे सोमवारी?"

मी काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. दिगंबरांना विचारलं, तुम्ही जाल का. ते म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे ते विनूभाऊंकडे जाऊन चहा पिऊन येणार, हे मला ठाऊक होतं. आणि मी गेले तर जाऊन तिथं मुक्यानं उभी राहणार. मग दुसऱ्या सोमवारी बघू, असं मी स्वतःला सांगितलं. तोही सोमवारच असणार होता, हे कळत असून सांगितलं.

इकडे अण्णांचं काटा बघणं सुरू झालं. नवीन यंत्र म्हणजे मीटर थंडावेल अशी त्यांची समजूत होती. बुधवारी चार वाजता मी आकडा सांगितला तर त्यांनी मला पुन्हा पाठवलं, मी चुकीचा वाचला असेल म्हणून.

गुरुवारी शेजारच्या देशपांडेकाकूंकडे पारायणाची समाप्ती होती. मी अडीच वाजता प्रसाद घेऊन परतले. व्हरांड्यात पाय ठेवला तेव्हाच कळलं, कारण बाहेरचं यंत्र घुमत नव्हतं.

खोलीचं दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी वाफ अंगावर आली. अण्णा पलंगावर उताणे, बनियन भिजून छातीला चिकटलेली, ओठ पांढरे. "अण्णा!" त्यांनी डोळे उघडले पण मला ओळखायला क्षणभर लागला. तो क्षण मला फार लांब वाटला. मी एसी लावला, ओल्या पंच्यानं त्यांचं अंग पुसलं, चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासानं ते नीट बोलायला लागले. बोलले ते हेच:

"जुन्यापेक्षा फार फरक नाही, सूनबाई. हा काटाही मारतोच आहे."

मला रडू आलं आणि संतापही आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून आणलं, त्यावर चढले आणि म्हणाले, "ऐका, वाचते." पोथी वाचते तशी ती पट्टी वाचून दाखवली. आकडा, मग मुदत. खाली उतरून पोथीतलं पान आणलं आणि त्यावर टिपलेला दुकानातल्या यंत्राचा आकडा वाचला. दोन्हीकडे स्टार पाच.

अण्णा उठून बसले. "मुदत पुन्हा वाच."

मी वाचली.

"पट्टी सोलायची नाही हां. पुरावा आहे तो." त्यांच्या आवाजात काहीतरी ताठ झालं होतं. "सूनबाई, मी नोकरीला लागलो तेव्हा शेर जाऊन नुकताच किलो आला होता. मूर्तिजापूरच्या बाजारात एकेक दुकानदार काय करायचा, माहीत आहे? गिऱ्हाईक म्हणायचं 'एक दे'. हा भाव घ्यायचा किलोचा आणि मोजायचा शेर, किलोहून थोडा कमी. विचारलं तर म्हणायचा, एक मागितलं, एक दिलं, खोटं काय केलं? त्याचं वजन खोटं नसायचं. शिक्का असायचा त्यावर, पण जुना, जुन्या मापाचा." त्यांनी एसीकडे हात केला. "हे जुन्या शेराचे पाच स्टार आहेत. आत्ताच्या किलोने मोजले तर तीन भरतील."

इस्माईलभाईंनी मला जे सांगायला दहा मिनिटं घेतली, ते या माणसाला एका वाचनात कळलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "तुला हे कधी दिसलं?"

"सोमवारी. खोकं फोडलं तेव्हाच."

"मग?"

"मौन होतं, अण्णा."

त्यांनी पट्टीकडे एकदा बघितलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "मी देवाधर्मातलं जाणत नाही. ते तुझ्या सासूबाईंचं खातं. पण काटा मारलेला ज्याला दिसला आणि तो गप्प राहिला, त्याला आमच्या खात्यात सामील म्हणायचे."

कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं.

"आणि तुम्ही?" मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं असताना तुम्ही चोरून बटण बंद करता. मी पाठ वळवायची वाट बघता! आज मी अर्धा तास उशिरा आले असते तर? तुम्ही कुणाला सामील आहात, अण्णा?"

ते चपापले. मग पांघरुणाची घडी उगीचच उलगडून पुन्हा घातली.

"विनू काय म्हणतो?"

"सोमवारी या म्हणतो. कंपनीचा माणूस सोमवारीच येतो."

"हात्तिच्या."

"तुमचा मुलगा जाणार नाही. गेला तर बोलणार नाही. ती पट्टी वाचता येणारी घरात मी एकटी, आणि माझं..."

अण्णा छताकडे बघत राहिले. "काय गं, तुझ्या सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांचे उपास कोण करायचं?"

"मी करायची."

"आणि ते त्यांच्या नावावर जमा व्हायचे?"

"हो. घरातल्या माणसाने केलं तर चालतं."

"मग सोमवारचं तुझं मौन मी धरतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही? अहो, तुम्ही झोपेतसुद्धा बाजारभाव विचारता!"

"उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत. चकार शब्द काढणार नाही. तू मात्र तिथं जाऊन माझ्या वाटचंही बोलायचं. शेर आणि किलो नीट सांग त्याला. पुटपुटायचं नाही."

"धरा," मी डोळे पुसत म्हणाले. "पण मलाही वचन हवंय. बारा ते पाच हा बंद व्हायचा नाही. बदलून मिळो न मिळो. जुन्या शेराचा असला तरी."

"सोमवारपर्यंत."

"कायमचं."

त्यांनी एसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घासाघीस चालणार नाही असं त्यांना दिसलं असावं. "बरं," ते म्हणाले.

सोमवारी पहाटे पूजा झाली, अध्याय झाला. देवापुढे बराच वेळ बसले. तोंड उघडायचं धाडस होईना. चहा केला, डबा भरला, सगळं मुक्यानंच. दिगंबर अण्णांच्या खोलीत जाऊन ओरडत होते, "अण्णा, माझी किल्ली बघितलीत का? अण्णा? अहो, काहीतरी बोला! नुसतं काय बोट दाखवताय?" तणतणत बाहेर आले. "आज यांनाही काय झालंय? या घरात बोलतं कोण आज?"

"मी," मी म्हणाले.

अकरा वर्षांनी सोमवारी काढलेला तो पहिला शब्द. दिगंबरांच्या हातातून डबा सुटता सुटता राहिला.

"किल्ली खुंटीवर आहे. आणि मी साडेबाराला विनूभाऊंकडे जातेय. तुमच्या मित्राला मी चोर म्हणणार नाही, पण यंत्र बदलून मागणार आहे."

ते काही तरी म्हणणार होते. नुसतं "ऊन फार आहे," म्हणाले आणि मान खाली घालून ऑफिसला गेले.

बाराला अण्णांच्या खोलीत गेले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते, ओठ घट्ट आवळून, एखादा मुलगा श्वास कोंडून बसतो तसे. एसी चालू होता. मी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, पोथीतलं पान पिशवीत घातलं, डोक्याला ओला दुपट्टा बांधला.

"मी येते हं, अण्णा."

त्यांना बोलायचं होतं. नक्कीच काहीतरी सूचना होती. भुवया वर गेल्या, तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि हात वर करून त्यांनी मला फक्त 'जा' अशी खूण केली.

मी दार ओढून घेतलं, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि उन्हात उतरले.